खुशाली विचारणारं माणूस : ऊसतोडीच्या पट्ट्यातलं अडनिडं वय

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत घरोघर एक हिशेब मांडला जातो. मुकादमाकडून उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते आणि तिच्यातली बरीचशी खर्चूनही झालेली असते. ट्रक कोणत्या दिवशी येणार, कोणत्या कारखान्यावर जायचं, हे ठरलेलं असतं. राहिलेला हिशेब लेकरांचा असतो. कोणाला बरोबर न्यायचं, कोणाला म्हातारीजवळ ठेवायचं, आणि मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली असेल तर तिचं काय करायचं? पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतल्या असंख्य घरांत हा हिशेब दर वर्षी होतो आणि बहुतेक वेळा एका रात्रीत उरकतो. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा यंदाचा हिशेब होऊन गेलेला असेल. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची दिवाळी फडाशेजारच्या कोपीत, नाहीतर कारखान्याच्या वाटेवर गेलेली असेल.

या लेखाचा विषय त्या हिशेबात सापडलेली दहा ते एकोणीस वर्षांची मुलं हा आहे. जागतिक आरोग्य संघटना याच वयाला किशोरवय म्हणते. आपल्याकडे त्याला ‘अडनिडं वय’ हा जास्त नेमका शब्द आहे. या वयाच्या मुलांचं बरं चाललं आहे की नाही, हे कुटुंब, शाळा आणि मुलाचा स्वतःचा दृष्टिकोन या तीन गोष्टींवर ठरतं, असं मानसशास्त्राची पुस्तकं सांगतात. ‘बरं चालणं’ याला पाठ्यपुस्तकांत ‘मानसिक सुस्थिती’ असा एक अवघडलेला शब्द रूढ झाला आहे. मला त्यापेक्षा पत्रातला जुना शब्द जवळचा वाटतो : खुशाली. सुस्थिती मोजता येते, खुशाली कोणीतरी विचारावी लागते. मराठवाड्याच्या या पट्ट्यात ती विचारणारं माणूस कोण, या प्रश्नापाशी मी गेली काही वर्षं घुटमळतो आहे. कुठल्या विद्यापीठाचं पाठबळ नाही. शाळांच्या ओट्यांवर, हंगामी वसतिगृहांत, फडावर आणि मे महिन्यात गावातल्या पारावर बसून जे ऐकलं आणि सोबत जे वाचलं, त्याच्या बळावर हे लिहितो आहे.

आधी ऊसतोडीची रचना थोडक्यात सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय इथल्या कुटुंबाचा आकार कळत नाही. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस हा अर्धा कोयता. उचल मिळते ती जोडीला. दोघांनी मिळून दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडायचा, वाढं छाटायचं, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. तोडणीचा दर टनाला २७३ रुपये होता, तो २०२४ च्या जानेवारीतल्या करारानंतर ३६६ झाला. यातून उचल फिटायची असते. एखादा दिवस आजारपणात गेला तर ‘खाडा’ धरला जातो. अशा वेळी चौदा वर्षांच्या मुलानं नुसत्या मोळ्या वाहिल्या तरी आई-बापाचा दिवस तासा-दोन तासांनी हलका होतो. बारा वर्षांच्या मुलीनं कोपीवर भाकरी थापल्या आणि धाकट्याला सांभाळलं तरी आईला पहाटे चारला फडात जाता येतं. म्हणजे किशोरवयीन मूल या व्यवस्थेत लेकरू राहतच नाही. त्याच्या श्रमाची किंमत कुठेच लिहिलेली नसते, पण घरातल्या प्रत्येकाला ती तोंडपाठ असते.

मूल गावी ठेवलं तर पाच-सहा महिने ते आजी-आजोबांजवळ राहतं. आजीला कमी दिसतं, आजोबांना कमी ऐकू येतं, हा तपशील मी गमतीनं देत नाही. गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी बहुतेकांनी स्वतः तीस-चाळीस वर्षं ऊस तोडलेला असतो आणि त्यांच्या पाठी, गुडघे कामातून गेलेले असतात. त्यामुळे कोण कोणाला सांभाळतं, हे वरवर पाहून सांगता येत नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत आठवी-नववीतली मुलगीच पाणी भरते, रेशन आणते, आजीचं औषध लक्षात ठेवते, धाकट्या भावाची शाळेची सही करते. तिच्या वयाच्या शहरी मुलीला आपण ‘अजून लहान आहे’ म्हणतो.

संध्याकाळी फोन येतो. फडावर वीज नसते, फोन दुकानात नाहीतर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केलेला असतो. बोलणं ठरलेलं : जेवलास का, म्हातारी बरी आहे का, पैसे पाठवलेत. मुलं म्हणतात, ‘बरंय.’ एका मुलानं मला सांगितलं की त्याला तीन दिवस ताप होता तरी त्यानं फोनवर तो सांगितला नाही, कारण आई कामावरून उठून आली असती तर खाडा पडला असता. आई-बापाची काळजी करणारं मूल आपली खुशाली खोटी सांगायला शिकतं. हे शहाणपण कुठल्याही प्रश्नावलीत सापडत नाही. अशा मुलापुढे तुम्ही ‘तुला कधी उदास वाटतं का?’ असा छापील प्रश्न ठेवला, तर तो सवयीनं ‘बरंय’ याच रकान्यात खूण करील.

अमेरिकेत १९९७ साली मायकेल रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा हजारांवर किशोरवयीन मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. आई-वडील आणि शाळा यांच्याशी आपण जोडलेले आहोत असं ज्या मुलांना वाटत होतं, ती नैराश्य, आत्महत्येचे विचार, हिंसा, व्यसन यांपासून बऱ्याच अंशी वाचलेली दिसली. यातला एक मुद्दा मला आपल्यासाठी महत्त्वाचा वाटतो. सकाळी, शाळेतून आल्यावर, जेवताना, झोपताना आई-वडील घरात हजर असण्याचाही उपयोग दिसला, पण जोडलेपणाच्या भावनेइतका नाही. हे वाचून मला एकदम हायसं वाटलं होतं. फडावरच्या आई-बापांना दोष देत फिरणाऱ्यांना, म्हटलं, हे दाखवता येईल. पण तिथले आई-वडील फार तर उशिरा घरी येणारे होते. सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात, कधी कर्नाटकात राहणारे नव्हते. जोडलेपण टिकवायलाही अधूनमधून एका ताटात जेवावं लागतं.

मुलींचा हिशेब वेगळा आहे आणि त्यावर थांबणं भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ साली, बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. महाराष्ट्राचा आकडा २१.९ टक्के. शेजारचा परभणी जिल्हा तर ४८ टक्क्यांवर होता. हा आकडा वापरताना एक सावधगिरी ठेवावी : ज्या बायकांना विचारलं, त्यांची लग्नं त्याआधीच्या आठ-दहा वर्षांत झालेली होती, त्यामुळे तो त्या वर्षीच्या लग्नांचा आकडा नाही. त्यानंतर टाळेबंदी आली, शाळा बंद राहिल्या, आणि चार माणसांत, मांडवाशिवाय लग्न उरकणं एकदम सोयीचं झालं. त्या दोन वर्षांत काय घडलं हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला पटावरच्या गळालेल्या नावांवरून माहीत आहे.

बाहेरचा माणूस याला अज्ञान म्हणतो, रूढी म्हणतो. मी ज्या आयांशी बोललो त्या बालविवाहाचा कायदा मला समजावून सांगू शकत होत्या. अठरा वर्षं, ग्रामसेवकाकडे तक्रार, १०९८ क्रमांक, सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं : वयात आलेली मुलगी फडावर न्यावी तर कोपीला दार नाही, उघड्यावर आंघोळ, आजूबाजूला अनोळखी पुरुष. घरी ठेवावी तर म्हातारीच्या भरवशावर. काही झालं तर गाव आम्हालाच बोलणार. ‘मग तिच्या जिवाला जबाबदार माणूस करून दिला,’ असं एक आई म्हणाली. तिच्या तोंडी लग्न म्हणजे राखणीची व्यवस्था होती. त्यात दुसऱ्या बाजूचा हिशेबही मिसळतो. मुलाचं लग्न झालं की अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते. हंगामाच्या तोंडावर घाईनं उरकलेल्या अशा लग्नांना या भागात ‘गेटकेन’ म्हणतात. कारखान्याच्या कार्यक्षेत्राबाहेरून थेट गेटवर येणाऱ्या उसाचं हे नाव आहे. लोकांची भाषा कधी कधी समाजशास्त्रापेक्षा निर्दय असते.

त्या लग्नापुढे काय वाढून ठेवलेलं असतं, हेही मुली आईच्या अंगावर रोज वाचत असतात. २०१९ मध्ये विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे दर सहांमागे साधारण एक. मासिक पाळीत खाडा पडू नये, कंबरेचं दुखणं एकदाचं जावं, गाठ होईल या डॉक्टरांनी घातलेल्या भीतीतून सुटावं, अशी कारणं बायका देत. चौदा वर्षांच्या मुलीला पाळी आल्यावर तिच्या आईची पिशवी तिशीत काढलेली असेल, तर त्या मुलीनं स्वतःच्या शरीराकडे कसं पाहावं? किशोरवयीन मुलींसाठीच्या माहितीपत्रकांत या प्रश्नाचं पान नसतं. त्याआधीचं एक पानही इथे आहे : २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. आज किशोरवयात असलेल्या मुली त्या काळाच्या आसपास जन्मल्या. आपण जन्माला आलो हीच एक तडजोड होती, हे त्यांतल्या काहींना घरातल्या बोलण्यातून कळलेलं असतं.

इथे मला दूरच्या एका बेटावर जायचं आहे, आणि तेही उसाचंच आहे. हवाई बेटांतल्या कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सगळ्या मुलांचा, एकूण ६९८ जणांचा, मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकारी रूथ स्मिथ यांनी चाळीस वर्षं पाठपुरावा केला. कौआईवर तेव्हा उसाचे मोठे मळे होते. जपान, फिलिपिन्स अशा देशांतून आणलेल्या मजुरांची कुटुंबं त्या मळ्यांवर राबत. गरिबी, दारू, घरातली भांडणं, आईचं आजारपण, जन्माच्या वेळची गुंतागुंत अशी चार-चार संकटं एकदम वाट्याला आलेली मुलं त्यांनी वेगळी काढली. ती साधारण दोनशे होती. त्यांतली दोन तृतीयांश मुलं दहाव्या-अठराव्या वर्षापर्यंत कुठल्या ना कुठल्या अडचणीत सापडली, आणि इथपर्यंत कोणालाच नवल वाटलं नाही. वर्नरबाईंचं लक्ष उरलेल्या एक तृतीयांशाकडे, त्या बहात्तर मुलांकडे गेलं. तीच परिस्थिती, तरी ती नीट शिकली, कामाला लागली, दुसऱ्यांची काळजी घेणारी झाली. का?

त्यांना तीन गोष्टी दिसल्या आणि त्या आपल्या विषयातल्या तीनच आहेत, फक्त त्यांचा आकार वेगळा आहे. काही मुलांचा स्वभावच माणसांना जवळ ओढणारा होता. या मुलांना आई-वडिलांखेरीज एक तरी माणूस कायमचं मिळालं होतं : आजी, मावशी, थोरली बहीण, शेजारी. आणि शाळेत किंवा धर्मस्थळी कोणीतरी शिक्षक, कोणीतरी वडीलधारं त्यांना नावानं ओळखत होतं. अनेकांच्या अंगावर लहानपणीच घरातली खरी जबाबदारी पडली होती, धाकट्यांना सांभाळण्याची, स्वयंपाकाची. आपण आपल्या आयुष्याचं काही करू शकतो, हा विश्वास त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त होता. अभ्यासाचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, पण मला तो अधिक मोलाचा वाटतो. ज्या दोन तृतीयांश मुलांचं किशोरवयात बिघडलं होतं, त्यांतलीही बरीचशी तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. कोणाला प्रौढ शिक्षणाचं दार पुन्हा उघडलं, कोणाला नोकरी मिळाली, कोणाला चांगला जोडीदार. सोळाव्या वर्षी लागलेला निकाल शेवटचा नसतो, हे दहावीच्या निकालावर माणसाची किंमत ठरवणाऱ्या आपल्या समाजाला कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवं.

कौआईवरून बीडला परत येताना जपून यावं लागतं. ‘बघा, जबाबदारीनं मुलं घडतात’ असं म्हणून बारा वर्षांच्या मुलीच्या भाकरी थापण्याचं कौतुक करणारे लोक मला भेटले आहेत. कौआईच्या त्या मुलांच्या जबाबदारीमागे एक मोठं माणूस उभं होतं. आपल्याकडच्या मुलीच्या मागे बहुधा ते सहा महिने नसतं. जबाबदारी आणि एकटेपणा या दोन गोष्टींची गल्लत झाली की शोषणाला संस्काराचं नाव मिळतं.

शाळेचं काम इथे सुरू होतं. ऊसतोडीच्या मुलांसाठी महाराष्ट्रात दोन वाटा काढून पाहिल्या गेल्या. पहिली साखरशाळेची : मुलं जिथे जातील तिथे, कारखान्याच्या आवारात, हंगामापुरती शाळा. या शाळांत काही संस्थांनी आणि शिक्षकांनी जीव ओतला. पण टोळ्या विखुरलेल्या असत, मुलं शाळेपासून दूरच्या फडांवर असत, आणि मोठी मुलं कामाला जुंपली जात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर भर दुसऱ्या वाटेवर आला : मूल गावातच राहावं, त्याची शाळा तुटू नये, म्हणून हंगामी वसतिगृह. हे वसतिगृह बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतच चालतं, शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. प्रत्यक्षात पुष्कळ गावांत मुलं तिथे दोन वेळा जेवतात आणि झोपायला आजीकडे जातात. हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, आणि मंजुरी व पैसे मागाहून चालत येतात. तोवर मूल ट्रकमध्ये चढलेलं असतं. एवढं असूनही ज्या गावात हे जेवण वेळेवर सुरू होतं तिथे आई-बाप मुलांना मागे ठेवायला धजावतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. जेवणाची खात्री ही इथे पहिली मानसिक आरोग्यसेवा आहे.

अडचण आठवीनंतर येते. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वयापुरता, आणि गावातली शाळा बहुतेक ठिकाणी सातवी-आठवीपर्यंत. नववीला शेजारच्या मोठ्या गावात जावं लागतं. एसटीचा मुलींसाठीचा मोफत पास आहे, पण पास असून गाडी सायंकाळी कधी येईल याची खात्री नसली की घरचे म्हणतात, राहू दे. म्हणजे ज्या वर्षी मुलीच्या लग्नाचा विषय निघतो, नेमक्या त्याच वर्षी शाळा तिचा हात सोडते. मला कोणी विचारलं की बीडच्या किशोरवयीनांसाठी एकच गोष्ट करायची तर कोणती, तर मी नववी-दहावीच्या मुलींच्या निवासाकडे बोट दाखवीन. राज्य सरकारनं २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. मुलांसाठी एक, मुलींसाठी एक, असं प्रत्येक ठिकाणी. दिशा बरोबर आहे. इमारतीपेक्षा तिथली गृहपाल कशी आहे, यावर सगळं अवलंबून राहील.

गृहपालाचं महत्त्व सांगायला जिल्ह्यातलीच उदाहरणं आहेत. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीत दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी ‘शांतिवन’ उभं केलं. गेवराईत संतोष गर्जे यांनी ‘बालग्राम’ चालवलं. संतोष गर्जे स्वतः ऊसतोड कुटुंबातून आलेले. या दोन्ही ठिकाणांबद्दल वर्तमानपत्रांत भरपूर छापून आलं आहे, बहुतेक त्यागाच्या भाषेत. मला तिथली साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथे मूल आजारी पडलं तर कोणाला सांगायचं, हे त्या मुलाला माहीत असतं. सरकारी योजनेला त्याग पैदा करता येणार नाही, पण एवढी व्यवस्था करता येईल.

शाळेत हे काम शिक्षकानं करावं, असा आपला सहज आग्रह असतो. इथे बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातला एक प्रयोग डोळे उघडणारा आहे. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेच्या विक्रम पटेल, सचिन शिंदे आदी संशोधकांनी ७४ शाळांच्या प्रयोगात ‘सेहेर’ नावाच्या कार्यक्रमाचा नववीच्या मुलांवरचा परिणाम तपासला. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काम फार भव्य नव्हतं : तक्रारपेटी, भित्तिपत्रक, परिपाठातली चर्चा, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्याशी बोलणं. काही शाळांत हे काम शाळेच्याच शिक्षकाकडे दिलं, काही शाळांत थोडं प्रशिक्षण दिलेल्या, पण मानसोपचाराची पदवी नसलेल्या वेगळ्या माणसाकडे. दुसऱ्या प्रकारच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ काढू नये. ज्याच्या हातात गुण आहेत, हजेरी आहे, खिचडीचा हिशेब आहे, निवडणुकीचं काम आहे, त्याच्याजवळ मूल मन मोकळं करत नाही, आणि केलं तरी त्याला ऐकायला वेळ नसतो. आपल्या पट्ट्यात हे वेगळं माणूस गावातलीच बारावी झालेली मुलगी किंवा सून असू शकते. तिला महिन्याचं मानधन लागेल. समुपदेशकाची वाट बघत बसण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

बीडनं या बाबतीत एकदा पुढाकारही घेतला होता, हे बीडकरांनाही फारसं आठवत नाही. शांतिलाल मुथ्था यांच्या संस्थेनं ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम २००९ मध्ये सुरू केला तो याच जिल्ह्यातल्या पाचशे शाळांत. जोडीनं बोलणं, गटात मतभेद मांडणं, स्वतः निर्णय घेणं, अशा कृतींतून मूल्यं रुजवायची, तात्पर्य सांगायचं नाही, ही त्याची पद्धत. पुढे तो राज्यभर गेला. पण सुरुवातीला तो प्राथमिक वर्गांपुरता होता. ज्या वयात मतभेद खऱ्या अर्थानं जन्माला येतात, तिथे पोचायच्या आत तो संपत असे. आठवी-नववीला असतात ती प्रेरणादायी व्याख्यानं.

दृष्टिकोनाची चर्चा बहुतेक या व्याख्यानांतच चालते. ‘परिस्थितीला दोष देऊ नका, विचार बदला’ हा त्यांचा गाभा. वक्ता बहुधा गरिबीतून अधिकारी झालेला असतो, बोलतोही छान, मुलं टाळ्या वाजवतात. मला त्यांच्या हेतूविषयी शंका नाही, परिणामाविषयी आहे. ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते : काही माणसं आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्या हातात आहेत असं मानतात, काही ती नशिबाच्या किंवा दुसऱ्यांच्या हातात आहेत असं मानतात. पहिल्या प्रकारची माणसं सहसा जास्त उमेदीनं जगतात. पण हा विश्वास अनुभवानं कमवावा लागतो. आपण काही केलं आणि त्याचं काही झालं, असं वारंवार घडलं तर तो वाढतो. नववीतली एक मुलगी मला म्हणाली, ‘नशिबात असंल तसं.’ तिच्या लग्नाचा निर्णय चुलता, मामा आणि मुकादम यांच्या बैठकीत होणार होता. तिनं आपल्या परिस्थितीचं अचूक वर्णन केलं होतं. तिला सकारात्मक विचार शिकवण्याआधी त्या बैठकीत तिला बसायला जागा द्यावी लागेल.

मुलांचा, म्हणजे मुलग्यांचा दृष्टिकोन वेगळ्या वाटेनं घडतो. पहाटे कुठल्याही रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात, ही या जिल्ह्यातली मला सर्वांत आशेची आणि सर्वांत कासावीस करणारी गोष्ट वाटते. जागा मोजक्या, धावणारे अगणित. ज्यांची भरती हुकते त्यांच्यासाठी घरात, शाळेत, गावात दुसरी कुठली गोष्ट तयार नसते. मग कोणी ट्रॅक्टरवर जातो, कोणी पुढाऱ्याच्या गाडीमागे. मोबाइलवर पिस्तूल आणि गाड्यांच्या ताफ्याचे व्हिडिओ, तंबाखू, आणि जातीचा अभिमान हे तिन्ही एकाच वयात येतात. आरक्षणावरून २०२३ मध्ये झालेली जाळपोळ, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर पेटलेलं वातावरण, यांची आच वर्गांपर्यंत आली. कालपर्यंत डबा वाटून खाणारी मुलं आडनावं पाहून बसू लागल्याचं शिक्षक सांगत होते. २०२५ मध्ये बीड पोलिसांनी टेबलांवरच्या नामफलकांवरून आडनावं काढून फक्त नावं ठेवली. मला तो निर्णय आवडला. पण पंधरा वर्षांच्या मुलाला आडनावाच्या पलीकडे ओळख मिळायची तर ती वर्गातच मिळेल, पोलीस ठाण्यात नाही.

आता मे महिन्याविषयी, कारण अभ्यासक तो सहसा मोजत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये ‘पट्टा पडतो’, कारखाना बंद होतो, माणसं घरी येतात. सगळं कुटुंब एकत्र आलं म्हणजे मुलांचं सगळं सुरळीत होणार, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मे महिन्यात घरोघर कुरबुरी असतात. ज्या मुलीनं सहा महिने घर चालवलं तिला अचानक ‘कुठं चाललीस’ असं विचारलं जातं. ज्या मुलानं आजीची सगळी देखभाल केली त्याला बाप शिस्त शिकवू लागतो. त्याच महिन्यात लग्नसराई असते, आणि नव्या उचलीसाठी मुकादम दारात येतो. म्हणजे वर्षभराचे मोठे निर्णय घरातली माणसं एकमेकांना पुरती ओळखण्याआधीच होऊन जातात.

केज तालुक्यातल्या एका शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाई ही गोष्ट ओळखून आहेत. आठवीचा निकाल लागला की त्या मे महिन्यातच प्रत्येक मुलीच्या घरी जातात. लग्नाचा विषय काढत नाहीत. नुसतं पाणी पितात, आईच्या हाताला कोयत्यानं झालेल्या जखमा बघतात, किती टन झाला ते विचारतात, आणि निघताना मुलीला नववीच्या वह्या कधी आणायच्या ते सांगतात. त्यांच्याजवळ एक शंभर पानी वही आहे. तीत मुलीचं नाव, गाव, आई-वडील कोणत्या कारखान्यावर, मुकादमाचा फोन, आणि शेवटी ‘संध्याकाळी घरी कोण’ असा एक रकाना आहे. बाकीचे रकाने जूनमध्ये भरतात. शेवटचा त्या शिसपेन्सिलीनं लिहितात, कारण दसऱ्याला तो खोडून पुन्हा भरावा लागतो.